परदेशी ग्राहकाच्या पैशाची पारख

(काजू बागायतदार व प्रक्रियादारांच्या मेळाव्यात कृषिविद्या विभागातील व्याख्यात्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कृषिविद्या शिकविणारा माणूस पैशाच्या देवघेवीवर काय बोलणार, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. वेंगुर्ला-४ लावावी की वेंगुर्ला-७, मोहोराच्या वेळी ढेकण्याचा बंदोबस्त कसा करावा, हे आमच्या हातचे विषय. परंतु अलीकडे चर्चासत्र संपले की दोघे-तिघे मागे थांबतात आणि खिशातला मोबाइल पुढे करतात. ''साहेब, हा परदेशातला माणूस गर मागतो आहे. खरा असेल का?'' खताच्या मात्रेइतकाच हा प्रश्नही आता शेतीचा झाला आहे, म्हणून आज त्यावरच बोलावयाचे ठरविले.

पूर्वी आपला ग्राहक कोण होता ते आठवून पाहा. आंब्याच्या पेट्या वाशीला जात आणि दलाल पट्टी पाठवी. पट्टी कमी आली, उशिरा आली, तरी दलालाचा गाळा कुठे आहे हे आपणांस ठाऊक असे. काजू बी गावच्या व्यापाऱ्याला घातली तर त्याचे घर आणि सोयरेधायरे माहितीचे. पैसे अडकले तर दारात जाऊन बसता येत असे. आता इंटरनेटवर मालाची जाहिरात टाकली की आठ दिवसांत दुबई, लंडन, लागोस अशा ठिकाणांची नावे सांगणारी पत्रे येऊ लागतात. त्यांत खरे ग्राहकही असतात, हे प्रथमच सांगतो. आपला काजूगर आखाती देशांत, जपानमध्ये, नेदरलँडमध्ये वर्षानुवर्षे जातो आहे व पैसेही येत आहेत. घाबरून दार लावून घ्यावे असे मला मुळीच सुचवायचे नाही.

यात एक भेद ध्यानात ठेवावा. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ई-नामसारख्या व्यवस्थेत बोली संगणकावर लागत असली तरी व्यापारी नोंदणीकृत असतो आणि मागे बाजार समिती उभी असते. मी बोलणार आहे ते उघड्या संकेतस्थळांबद्दल. तेथे कोणीही ग्राहक म्हणून नाव घालू शकतो. काही संकेतस्थळे नावापुढे खात्रीची खूण लावतात. ती पुष्कळदा वर्गणी भरल्याची असते किंवा फोन क्रमांक व कागद तपासल्याची असते. तो माणूस पैसे देतो की नाही, याची ती खात्री नव्हे.

लिलावातून आलेली युक्ती

१९९५ साली अमेरिकेत पियर ओमिडयार यांनी 'ऑक्शनवेब' नावाने इंटरनेटवर लिलावाची जागा उघडली. पुढे तीच 'ईबे' या नावाने जगभर माहीत झाली. बोली लावणारा पृथ्वीच्या पाठीवर कुठेही बसलेला असू शकतो आणि विकणारा-घेणारा एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत, ही अशा लिलावाची मोठी सोय. लबाडालाही तीच सोयीची पडली. त्या काळात रूढ झालेली एक युक्ती मी जरा सविस्तर सांगतो, कारण आज आपल्याकडे चालणाऱ्या निम्म्या फसवणुकी तिच्याच पोटच्या आहेत.

अमेरिकेतला एखादा शेतकरी जुना ट्रॅक्टर किंवा घोडा विक्रीला मांडी. परदेशातून एक ग्राहक पत्र लिही. भाव मान्य, घासाघीस नाही. मात्र तो म्हणे, ''तुमच्या देशातल्या एका माणसाकडून मला पैसे येणे आहेत. तो बँकेचा धनादेश तुम्हालाच पाठवील. रक्कम तुमच्या किमतीपेक्षा जास्त आहे. आपले पैसे ठेवून घ्या आणि उरलेले माझ्या वाहतूकदाराला तारेने पाठवा.'' धनादेश बँकेच्या नावाचा व छापील असे. तो खात्यात भरला की एक-दोन दिवसांत रक्कम जमा दिसे, कारण १९८७ च्या तेथील कायद्याप्रमाणे अशा धनादेशाची रक्कम ग्राहकाला लवकर वापरू द्यावी लागते. शेतकरी समजे की पैसे आले. तो वरची रक्कम पाठवून देई. पुढे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, धनादेश बनावट म्हणून परत येई आणि बँक सगळी रक्कम शेतकऱ्याच्या खात्यातून वळती करून घेई. वाहतूकदाराला गेलेले पैसे मात्र गेलेच. ट्रॅक्टर पुष्कळदा जागेवरच राही, कारण त्या ग्राहकाला ट्रॅक्टर कधी नकोच होता. त्याला हवी होती ती वरची रक्कम.

हेच आपल्या हिशेबात मांडून पाहू. समजा, एकाने १०० डबे गर मागितला. डबा ११.३४ किलोचा, म्हणजे १,१३४ किलो. हिशेबापुरता भाव ७०० रुपये धरला तर ७,९३,८०० रुपये झाले. ग्राहकाने ११ लाखांच्या किमतीचा परदेशी धनादेश पाठविला आणि ३,०६,२०० रुपये मुंबईच्या 'शिपिंग एजंटा'ला द्या म्हणाला. आपली बँक परदेशी धनादेश वसुलीसाठी पाठविते, त्यात आठवडे जातात, आणि एकदा जमा झालेली रक्कमही धनादेश परत आल्यास आपल्याकडून वसूल होते. मधल्या काळात एजंट रोज फोन करतो, जहाज चुकेल म्हणतो. जो आपल्या खिशातून एजंटाला देतो, तो आपल्या घरचे ३,०६,२०० रुपये एका अनोळखी माणसाला बक्षीस देतो.

धनादेश मागे पडले, पण युक्ती तीच आहे. आता मोबाइलवर रक्कम जमा झाल्याचा संदेश येतो. तो बँकेकडून आलेला नसतो, कोणीतरी तसा लिहून पाठविलेला असतो. लगेच फोन येतो, ''चुकून एक शून्य जास्त पडले, वरचे परत करा.'' कोणी चौकटीचा चित्रसंकेत पाठवितो व म्हणतो, ''हा स्कॅन करून पिन टाका, म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील.'' यूपीआयमध्ये पिन हा पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. घरातल्या मुलांना आणि कारखान्यावरच्या कारकुनालाही हे सांगून ठेवावे.

ग्राहकाने विकणाऱ्याकडून पैसे मागितले, मग कारण कोणतेही असो, तेथेच व्यवहार थांबवावा. वरची रक्कम परत करा म्हणोत, त्यांच्या सरकारकडे नोंदणीचे शुल्क भरा म्हणोत, करारावर वकिलाचा शिक्का हवा म्हणोत. काही देशांच्या सरकारी खरेदीचे मोठे कंत्राट मिळाले आहे असे सांगून असे शुल्क उकळणाऱ्या टोळ्या आहेत आणि आपल्या वकिलातींनी निर्यातदारांना त्याबाबत सावध केलेले आहे.

तो काय विचारत नाही ते पाहावे

आता मी माझ्या विषयावर येतो. फसविणारा ओळखण्यासाठी आपण त्याचे इंग्रजी, त्याचे छापील कागद, त्याचे संकेतस्थळ पाहत बसतो. पूर्वी भाषेच्या चुकांवरून काही अंदाज बांधता येई. आता संगणकच शुद्ध पत्र लिहून देतो, तेव्हा ती खूण राहिली नाही. माझ्या मते आपणाजवळ याहून चांगली कसोटी आहे आणि ती आपल्या मालाच्या ज्ञानाची आहे.

खरा काजू घेणारा कसा बोलतो? पहिल्याच पत्रात विचारतो, डब्ल्यू-२४० की डब्ल्यू-३२०? म्हणजे पौंडाला किती गर बसतात, हा त्याचा पहिला प्रश्न. तुकड्याचे प्रमाण किती धरता, ओलावा ५ टक्क्यांच्या आत आहे ना, चालू हंगामाचा गर की मागचा, साल राहिलेले गर किती निघतील, डब्यात की निर्वात पिशवीत, कीड व बुरशीच्या विषाचा तपासणी अहवाल आहे का. शिवाय तो भावावरून भांडतो. व्हिएतनामचा भाव तोंडावर फेकतो. नमुना मागवितो, त्यात खोट काढतो. त्याच्याशी सौदा करताना जीव मेटाकुटीला येतो. ही चांगली लक्षणे समजावीत.

दुसरा माणूस लिहितो, ''आम्हास आपले काजू उत्तम वाटले, तातडीने ५० टन पाठवा, भाव मान्य आहे.'' काजू म्हणजे बी की गर हेही त्याने लिहिलेले नसते. प्रत विचारलेली नसते. नमुना मागत नाही. आपण मुद्दाम विचारावे, ''आपणांस कोणती प्रत हवी व ओलाव्याची मर्यादा किती?'' उत्तरात प्रतीचे नाव न येता बँक खात्याचा तपशील, पासपोर्टची प्रत, जहाजाची तारीख हेच पुन्हा येते. काजूबद्दल ज्याला काही विचारायचे नाही, त्याला काजू खायचाही नाही आणि विकायचाही नाही.

आणखी एक साधी परीक्षा आहे. आपण मुद्दाम एक अडचण सांगावी. ''या प्रतीचा माल दीड महिन्याने मिळेल, तोवर तुमचा माणूस येऊन कारखाना पाहून जाऊ दे.'' खरा ग्राहक कुरकुर करील, दुसऱ्या प्रतीचे विचारील, पण बोलणे चालू ठेवील. लबाडाला मात्र घाई असते. सणाच्या आदल्या दिवशी किंवा बँक बंद व्हायच्या वेळी त्याचे फोन वाढतात, ते उगीच नव्हे.

ही झाली आपली परीक्षा. त्या जोडीने बाहेरची चौकशीही करावी. त्या देशातील भारतीय वकिलातीच्या वाणिज्य विभागाला ई-मेल करून कंपनीबद्दल विचारता येते. कंपनीचा फोन क्रमांक तिने दिलेल्या कागदावरून न घेता स्वतंत्रपणे शोधावा व त्यावर फोन करावा. पूर्वी त्या कंपनीला माल दिलेल्या दोन भारतीय निर्यातदारांची नावे मागावीत. नावे द्यायला जो रागावतो, त्याला रागावू द्यावे.

पैशाची बातमी आणि पैसा

'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' असे आपण म्हणतो. परदेशी व्यवहारात त्याचा प्रत्यय फार येतो. ग्राहक बँकेच्या स्विफ्ट संदेशाची प्रत मोबाइलवर पाठवितो. त्यावर बँकेचे नाव, क्रमांक, रक्कम, तारीख सर्व असते. आपण समजतो पैसे निघाले, वाटेत आहेत, आणि गाडी भरायला सांगतो. अशी प्रत घरच्या संगणकावर दहा मिनिटांत तयार होते. ती खरी असली तरी ती पैशाची बातमी आहे, पैसा नव्हे. आपल्या बँकेच्या परकीय चलनाचे काम पाहणाऱ्या शाखेत स्वतः जाऊन किंवा नेहमीच्या क्रमांकावर फोन करून ''रक्कम आमच्या खात्यात जमा झाली का व ती परत जाण्यासारखी नाही ना'' असे विचारावे. होकार येईपर्यंत एकही डबा हलवू नये.

दुसरी गोष्ट अलीकडची असून तिच्यात प्रामाणिक माणूस फार अडकतो. परदेशी ग्राहक म्हणतो, ''आमचे इथे चलनाची अडचण आहे, माझा भारतातला मित्र तुमच्या खात्यात रुपयांत भरणा करील.'' पैसे खरोखरच येतात. ते दोन-तीन वेगवेगळ्या अनोळखी खात्यांतून आलेले असतात. काही दिवसांनी आपले खाते गोठविले जाते, कारण ते पैसे दुसऱ्या राज्यात कोणाला तरी फसवून काढलेले असतात आणि त्या तक्रारीच्या तपासात पोलीस पैशाचा माग काढीत आपल्या खात्यापर्यंत येतात. माल गेलेला असतो, पैसे वापरता येत नाहीत, आणि निर्यातीची रक्कम रीतसर बँकेमार्गे परदेशातून आली नाही म्हणून तिकडचा हिशेबही अपुरा राहतो. ज्याच्याशी करार, त्याच्याच नावावरून आणि बँकेच्या मार्गाने पैसे यावेत, हा नियम मोडू नये.

तिसरी फसवणूक उलट बाजूने होते. ग्राहक अगदी खरा आणि जुना असतो. मधल्या मध्ये कोणीतरी आपला किंवा त्याचा ई-मेल उघडून वाचत बसलेला असतो. बिल गेले की तो आपल्या नावाने ग्राहकाला लिहितो, ''आमचे बँक खाते बदलले आहे, या नव्या खात्यात भरा.'' ई-मेलचा पत्ता हुबेहूब आपल्यासारखा असतो. इंग्रजी 'एम' अक्षराच्या जागी 'आर' व 'एन' शेजारी-शेजारी लिहिले तर घाईत कोणाच्या लक्षात येणार? ग्राहक पैसे भरून मोकळा होतो, आपणांस काही मिळत नाही, आणि मग दोन भले माणूस एकमेकांना चोर म्हणू लागतात. यावर उपाय स्वस्त आहे. पहिल्या करारातच लिहावे की, बँक खात्यातील बदल दोघांच्या ठरलेल्या फोन क्रमांकावर प्रत्यक्ष बोलल्याशिवाय ग्राह्य नाही. तसेच ई-मेलला मजबूत परवलीचा शब्द आणि मोबाइलवर येणाऱ्या सांकेतिक अंकाची दुसरी कडी लावावी.

व्हिएतनामच्या काजूचे काय झाले

आता काजूचेच उदाहरण घेऊ. काजू प्रक्रियेत व्हिएतनाम आज जगात आघाडीवर आहे. तेथील निर्यातदार नवखे नाहीत. तरीही २०२२ च्या मार्च महिन्यात तेथील काजू संघटनेने जाहीर केले की, इटलीला जाणाऱ्या मालाच्या व्यवहारात आपले सभासद अडचणीत आले आहेत. मध्यस्थामार्फत सुमारे १०० कंटेनरचे सौदे झाले होते. पैशाची अट होती ती 'कागदपत्रांवर पैसे' या पद्धतीची. म्हणजे माल जहाजावर चढला की जहाज कंपनीची पावती, बिल आणि इतर मूळ कागद आपली बँक ग्राहकाच्या बँकेकडे पाठविते. ग्राहकाने पैसे भरले की ती बँक कागद त्याच्या हाती देते आणि ते दाखवून तो बंदरातून माल सोडवितो. कागदावर पाहता ही पद्धत ठीक आहे.

झाले असे की, परदेशातील बँकांकडून उलट उत्तरे येऊ लागली. हा ग्राहक आमचा नाही, असे त्या म्हणू लागल्या. काही ठिकाणी पाकिटे पोचली, पण त्यांत मूळ कागद नव्हते, नुसत्या प्रती होत्या. ३६ कंटेनरची मूळ कागदपत्रे निर्यातदारांच्या ताब्यातून गेली. जहाज कंपनीच्या दृष्टीने ज्याच्या हाती मूळ पावती, त्याचा माल. तेव्हा कोणी अनोळखी माणूस कागद घेऊन जिनोआ बंदरावर उभा राहिला असता तर माल त्याला मिळाला असता. व्हिएतनामच्या वकिलातीने व तेथील व्यापार कार्यालयाने धावपळ केली, इटलीचे पोलीस, बंदर व जहाज कंपन्यांना विनंती करून कंटेनर थोपविले आणि पुढच्या काही महिन्यांत मालावरचा हक्क परत मिळविला. एका देशाची वकिलात मागे उभी राहिली म्हणून तो माल वाचला. आपल्या एका कंटेनरसाठी एवढी यंत्रणा हलेल, या भरवशावर माल पाठवू नये.

एक कंटेनर म्हणजे किती? २० फुटी कंटेनरमध्ये २२.६८ किलोची ७०० खोकी बसतात, म्हणजे १५.८७६ टन गर. मघाच्याच ७०० रुपयांनी १ कोटी ११ लाखांवर रक्कम जाते. आपल्याकडच्या लहान कारखान्याचे सगळे भांडवल त्यात येते. आणि त्या कारखान्याला बी उधारीवर घातलेली असते ती आसपासच्या पाच-दहा गावांतील बागायतदारांनी. कारखानदाराचा कंटेनर बुडाला की सोलणीला बसणाऱ्या बायांची मजुरी थांबते आणि बागायतदाराची बी फुकट जाते. म्हणूनच हा विषय मी केवळ निर्यातदारांपुरता मानत नाही. आपल्या कारखान्याने परदेशी सौदा कोणत्या अटीवर केला आहे, हे बी घालणाऱ्याने विचारावे. विचारण्यात काही वावगे नाही.

त्या प्रकरणात ग्राहकाची बँक व स्विफ्ट क्रमांक पुन्हा पुन्हा बदलत होते. ही खूण लक्षात ठेवावी. ग्राहकाच्या बँकेचा पत्ता त्याच्या पत्रावरून घेऊ नये. आपल्या बँकेला तिच्या स्वतःच्या यादीतून पत्ता काढावयास सांगावे आणि हा ग्राहक तुमचाच ना, अशी आगाऊ विचारणा बँकेमार्फत करावी. जहाजाच्या पावतीवर माल थेट ग्राहकाच्या नावे लिहू नये, बँकेच्या हुकुमाप्रमाणे असा लिहावा. जहाजाची व्यवस्था ग्राहकाने नेमलेल्या एजंटामार्फत होत असेल तर विशेष जपावे. तो एजंट त्याचा माणूस असतो, आणि आपल्या हाती जहाज कंपनीच्या खऱ्या पावतीऐवजी एजंटाच्या घरची पावती येते. मूळ कागद न मागताच माल सोडून दिल्याच्या तक्रारी अशाच ठिकाणी होतात.

आंबा बागायतदारांनी येथे कान द्यावेत. हापूस विमानाने जातो. विमान कंपनी देते ती पावती जहाजाच्या पावतीसारखी मालकी हक्काची नसते. तिच्यावर ज्याचे नाव, त्याला ओळख पटवून माल मिळतो, मूळ कागद लागत नाही. तेव्हा 'कागदपत्रांवर पैसे' ही अट विमानाने जाणाऱ्या मालाला जवळजवळ निरुपयोगी आहे. माल परदेशी बँकेच्या नावे पाठविता येतो, पण त्यास त्या बँकेची आधी लेखी संमती लागते आणि ती सहसा मिळत नाही. शिवाय आंबा थांबत नाही. चौथ्या दिवशी ग्राहक म्हणाला, ''निम्मी पेटी डागी निघाली, निम्मेच देतो,'' तर आपण काय करणार? नव्या ग्राहकाकडून विमानाच्या मालाची पूर्ण रक्कम आगाऊच घ्यावी.

हे डाग निघाल्याचे सांगणे दर वेळी खोटे असते असे नाही. २०१० साली युरोपात आपली द्राक्षे क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे अडली, ती अडचण खरी होती. पण काही ग्राहक खऱ्या अडचणींचे निमित्त करून नसलेली तक्रार उभी करतात. त्यासाठी निघण्यापूर्वी तटस्थ संस्थेची तपासणी करून घ्यावी आणि तक्रार किती दिवसांत, कोणाच्या दाखल्यावर मान्य होईल, हे करारात लिहावे.

पैशाच्या अटी

याविषयी थोडक्यात सांगतो. सर्वांत निर्धोक म्हणजे पूर्ण आगाऊ रक्कम. त्याखालोखाल चांगल्या बँकेचे पतपत्र. पतपत्रांना लागू होणारे सध्याचे आंतरराष्ट्रीय नियम १ जुलै २००७ पासून अमलात आहेत आणि त्यानुसार बँक माल पाहत नाही, कागद पाहते. स्वल्पविरामाची चूकही पैसे अडविण्यास पुरते, म्हणून कागद बँकेकडून तपासून घ्यावेत. पतपत्र आपल्याच बँकेमार्फत आलेले असावे. ग्राहकाने कुरिअरने पाठविलेल्या पतपत्राला, आपली बँक त्याचा खरेपणा पटवीपर्यंत, रद्दीची किंमत आहे. 'ग्राहकाच्या प्रतिनिधीची सही असलेला तपासणी दाखला जोडावा' असे कलम त्यात असल्यास ते काढावयास लावावे. त्या प्रतिनिधीने सही केली नाही तर सगळे पतपत्र व्यर्थ. मुदतीच्या उधारीवर नव्या माणसाला माल देऊच नये.

१९५७ साली स्थापन झालेली सरकारी ईसीजीसी ही संस्था निर्यातीच्या उधारीचा विमा उतरविते. ग्राहकाचे दिवाळे निघाले किंवा त्याने पैसे थकविले तर त्याचा आधार मिळतो. विमा मागितला की संस्था त्या ग्राहकाची पतही पाहते, हा मला हप्त्याइतकाच मोठा फायदा वाटतो. मालाच्या दर्जाबद्दल वाद असेल तर मात्र तो मिटेपर्यंत भरपाई मिळत नाही.

इतके करूनही पैसे गेले तर लाजून घरी बसू नये. १९३० या क्रमांकावर त्याच घटकेला फोन करावा आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात, जितका लवकर फोन तितकी ते थोपविण्याची आशा जास्त. बँकेला लेखी कळवावे, परदेशी पाठविलेली रक्कम परत बोलावण्याची विनंती करावी. माल समुद्रावर असल्यास जहाज कंपनीला तत्काळ लेखी कळवून तो कोणासही न देण्याविषयी सांगावे. सर्व संदेश व ई-मेल जपून ठेवावेत, रागाच्या भरात पुसू नयेत.

आताच एक चिठ्ठी आली आहे. एका बंधूंनी विचारले आहे, ''परदेशी लोक फुकट नमुना मागतात, तो द्यावा का?'' द्यावा, पण अर्ध्या किलोपेक्षा जास्त देऊ नये. कुरिअरचा खर्च ग्राहकाने करावा. खऱ्या व्यापाऱ्याचे कुरिअर कंपनीत खाते असते आणि तो खाते क्रमांक लगेच देतो. नमुना काढताना त्याच गोणीतून जोडनमुना काढून, सीलबंद करून, तारीख घालून कोरड्या जागी ठेवावा, म्हणजे माल नमुन्याप्रमाणे नाही असे पुढे कोणी म्हणाल्यास दोन्ही शेजारी ठेवून दाखविता येतील.